मागे ये, भरपूर जागा आहे

१

कॅराव्हॅन मागे घेताना ज्यांचं भांडण होत नाही, त्यांचा संसार कुठेही टिकतो, असं घर मागे ओढत फिरणारी माणसं म्हणतात. ग्लेनिस आणि क्लाइव्हचा टिकला होता. ॲडलेडचं घर विकून चार वर्षं ती दोघं चाकांवर राहत होती. पुढे गाडी, मागे कडीला अडकवलेली पांढरी कॅराव्हॅन, आणि तिच्यात पलंग, शेगडी, फ्रिज असं सगळं बिऱ्हाड. नव्या जागी पोचलं की त्यांचा एक विधी असे. ग्लेनिस उतरायची आणि वॉकीटॉकी घेऊन कॅराव्हॅनच्या मागच्या उजव्या कोपऱ्याशी उभी राहायची, म्हणजे क्लाइव्हला ती आरशात दिसायची.

"ये मागे. ये. अजून ये. भरपूर जागा आहे. हां, बस्स."

बाकीच्या जोडप्यांची नेमकी याच वेळी जुंपते, म्हणून शेजारची मंडळी खुर्च्या टाकून तमाशा बघायला बसत. या दोघांकडे त्यांना काही मिळायचं नाही. पहिल्या वर्षी एक झाड आणि एक नळ मोडल्यावर दोघांनी ठरवून टाकलं होतं की ग्लेनिस सांगेल तसं जायचं, उलट विचारायचं नाही. तेव्हापासून क्लाइव्ह डोळ्यांपेक्षा तिच्या आवाजावर विसंबायला लागला. मागच्या बाजूचा कॅमेरा वाळवंटाच्या धुळीने बंद पडला तरी त्याने दुरुस्त केला नाही. म्हणायचा, "माझा कॅमेरा बोलतो. वर चहाही करतो."

मार्च संपत आला होता तेव्हा ती दोघं वॉरापिनाला आली. ग्लेनिसचं हे माहेर. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडचं गव्हाचं गाव, एक बेकरी, एक पेट्रोल पंप आणि धान्याची उंच कोठारं. तिचा धाकटा भाऊ मर्विन गावाबाहेरच्या शेतावर एकटाच राहत होता. जानेवारीच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरवरून पडून त्याने पाय मोडून घेतला होता आणि पेरणी तर तोंडावर आली होती. महिनाभर त्याच्याकडे राहायचं, चार कामं उरकून द्यायची, असं ठरलं होतं.

मर्विन कुबडी टेकून ओसरीत उभा होता. त्याने लांबूनच शेडच्या बाजूकडे हात केला आणि चहा ठेवायला आत गेला. पूर्वी तिथे आईवडिलांचं दगडी घर होतं. ते पाडून दगड विकले, त्यालाही बरीच वर्षं झाली. आता नुसतं मोकळं गवत होतं.

ग्लेनिसने फाटक उघडलं, गाडी आत आली.

"थांब हं," ती ओरडली, "फाटक लावून येते."

शेतावर वाढलेली मुलगी फाटक उघडं टाकून जात नाही. पण साखळी गंजली होती. ओढून, ठोकून, बोट चेमटून एकदाची ती अडकली. ग्लेनिसने मागे वळून पाहिलं तर कॅराव्हॅन शेडच्या बाजूला, गवतात, सुतात बसावी तशी लागलेली होती.

क्लाइव्ह हात झटकत उतरला. "वा! एका दमात! आज काय फॉर्मात होतीस."

"मी कुठे होते? मी फाटकाशी होते."

"हो का? मग 'ये मागे, ये मागे' कोण करत होतं? तुझी सवत?"

तो हसला, तीही हसली. जरा वेळाने तिने खिशातून वॉकीटॉकी काढून पाहिली. ती बंद होती. पेट्रोल पंपावर तिने स्वतःच बंद केली होती.

२

चहाबरोबर मर्विनने बेकरीतली मांसाची पाव-कचोरी गरम करून ठेवली होती. कप उचलता उचलता त्याची नजर खिडकीबाहेर गेली आणि कप तसाच खाली आला.

"इतकं मागे कशाला घुसलात? मागे टाकी आहे."

ग्लेनिसला एकदम आठवलं. जुन्या घराच्या छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीतल्या त्या दगडी टाकीत साठायचं. लहानपणी त्याच पाण्यावर ती वाढली होती. घर गेलं तरी टाकी होतीच. वरून जुन्या फळ्या आणि पत्रा टाकलेला, त्यावर माती आणि आता गवत. कडा नक्की कुठे येते ते बाहेरून कळत नव्हतं.

"मागे कोणी घेतली?" मर्विनने विचारलं.

"मी," क्लाइव्ह म्हणाला. "ग्लेन सांगत होती."

"मी नव्हते सांगत."

मर्विन एकदा बहिणीकडे, एकदा मेहुण्याकडे बघत राहिला. "आत्ताच्या आत्ता पुढे घ्या," एवढंच म्हणाला. दोघं लगेच उठली आणि त्यांनी कॅराव्हॅन चांगली पुढे ओढून लावली.

पलंगावर पडल्यावर ग्लेनिसने स्वतःची समजूत घातली. वॉकीटॉकीचा तोच चॅनेल सगळे कॅराव्हॅनवाले वापरतात. हायवेवरून दुसरं एखादं जोडपं जात असेल, त्यातली बाई आपल्या नवऱ्याला सांगत असेल. त्या पेटीतून सगळ्या बायकांचे आवाज सारखेच किरकिरे येतात. हे पटण्यासारखं होतं, आणि ते पटवून घेणं तिला भाग होतं. दुसरं जे कारण सुचत होतं ते तिला नको होतं. गेल्या काही महिन्यांत क्लाइव्हने दोनदा शेगडी चालू ठेवली होती. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या होत्या. एकदा बोलता बोलता तो मुलाचं नावच विसरला आणि वेळ मारून न्यायला खोकला. तिने ते पाहिलं होतं, पण पाहिल्याचं दाखवलं नव्हतं.

३

पुढचे काही दिवस बरे गेले. क्लाइव्हने कुंपणांच्या तारा ताणून दिल्या. ग्लेनिसने मर्विनचं स्वयंपाकघर घासून काढलं. बेकरीवालीने तिला ओळखलं. "आलीस का गं परत? माणूस शेवटी येतंच हो," असं काहीतरी ती म्हणाली. संध्याकाळी ओसरीत बसून तिघं तळलेले मासे खात आणि मर्विन क्लाइव्हच्या चड्डीची चेष्टा करी.

मग पाण्याच्या टाक्या भरायला आणि संडासाची पेटी रिकामी करायला कॅराव्हॅन गावात न्यावी लागली. परत येईतो दुपार झाली होती.

"मी एकटा घेतो हळूहळू," क्लाइव्ह म्हणाला. "तू जा, पाण्याचा पाइप आण."

ग्लेनिस घरात गेली. पण पाइप न घेता ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. आपण नवऱ्यावर पाळत ठेवतोय, हे तिचं तिलाच बोचत होतं. दोन्ही वॉकीटॉकी तिच्या एप्रनच्या खिशात होत्या. तिने हात घालून चाचपून पाहिलं. दोन्ही बंद होत्या.

क्लाइव्हने गाडी सरळ केली आणि मागे घ्यायला सुरुवात केली. लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसासारखी त्याची मान जराशी कलली होती. मधेच त्याने होकारार्थी मान हलवली. मग त्याचे ओठ हलले. खिडकीतून ऐकू येत नव्हतं, पण काय म्हणाला ते तिला कळलं. 'येतो, येतो.'

कॅराव्हॅन आदल्या जागी आली आणि थांबली नाही.

ग्लेनिस पायरी चुकवून अंगणात पडली, उठली, पुन्हा धावली. "थांब! क्लाइव्ह! थांब!" तिने गाडीच्या दारावर दोन्ही हात आपटले. ब्रेक लागला. मागे कुठेतरी गवताखाली फळी करकरली. मग मुरमाचे खडे घरंगळत खाली खाली जात राहिले, आणि शेवटी पाण्यात पडल्याचा आवाज आला.

क्लाइव्ह चिडून लालबुंद झाला होता. "एका तोंडाने ये म्हणतेस, एका तोंडाने थांब! माणसाने ऐकायचं तरी काय?"

"मी घरात होते."

"ग्लेन, मस्करी पुरे."

तिने खिशातून दोन्ही वॉकीटॉकी काढून त्याच्यासमोर धरल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग समोरच्या रिकाम्या होल्डरकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि त्याखालून जे दिसलं ते बघून तिला वाटलं, याने रागावलेलंच बरं होतं.

"तुझाच आवाज होता," तो हळूच म्हणाला. "शपथ. फक्त…"

"फक्त काय?"

"जरा गोड बोलत होतीस. लग्नाआधी बोलायचीस तशी."

कॅराव्हॅन पुढे आणून त्यांनी ती कडीतून सोडवली, चाकांखाली ठोकळे लावले. मग क्लाइव्हने वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या काढल्या आणि सगळं एका ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला.

४

त्याला ॲडलेडला न्यायचं, चांगल्या डॉक्टरला दाखवायचं, असं ग्लेनिसने मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह कुंपणावर गेलेला असताना ती ओसरीत मर्विनजवळ बसली. तिने त्याला शेगडीचं सांगितलं, किल्ल्यांचं सांगितलं. सांगताना रडूही आलं. मर्विन ऐकत होता आणि अंगणाकडे बघत होता.

तीही बघायला लागली, आणि इतके दिवस डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली गोष्ट तिला दिसली. मर्विनचा ट्रक, जुनी गाडी, धान्य वाहायची लॉरी, नांगरणीची यंत्रं, सगळी तोंड बाहेर करून उभी होती. शेडच्या मागच्या भिंतीला त्याने दुसरं दार पाडलं होतं. एका दाराने आत शिरायचं, दुसऱ्याने बाहेर पडायचं. अंगणाभोवती चाकांची एक गोल वाट पडली होती, खोल आणि जुनी.

"तू इथे गाडी मागे घेतच नाहीस," ती म्हणाली.

"सवय."

"मर्विन."

तो बराच वेळ कुबडीच्या रबराने फरशीवरचा मातीचा डाग घासत राहिला. "क्लाइव्हचं डोकं असेल बिघडलेलं, मला काय कळतंय. पण हे त्या डोक्यातलं नाही."

"तुझा पाय कसा मोडला?"

"ट्रॅक्टर मागे घेत होतो. घाई होती, म्हटलं एकदाच. शेरिल म्हणाली, ये."

शेरिल म्हणजे त्याची बायको. ती त्याला सोडून ॲडलेडला गेली होती, दुसरं लग्न करून सुखात होती. नाताळला ग्लेनिसला कार्डही पाठवायची.

"आणि तू गेलास?"

"बारा वर्षांनी बायको ये म्हणाली," मर्विन म्हणाला, "तर कोण नाही जाणार?"

ग्लेनिसने आणखी विचारलं. काय आहे ते? कधीपासून आहे? आईबाबांना माहीत होतं का? त्यालाही माहीत नव्हतं, किंवा त्याला माहीत करून घ्यायचं नव्हतं. उठताना तो एवढंच म्हणाला, "तुम्ही निघा. माझं मी बघेन."

५

निघायच्या दिवशी सकाळपासून उत्तरेचा वारा सुटला. नांगरलेल्या रानांची तांबडी माती उठून अंगणभर फिरायला लागली. शेड दिसायची, मग दिसेनाशी व्हायची.

निघायचं तर कॅराव्हॅन गाडीला जोडायला हवी होती. त्यासाठी गाडी थोडी मागे घेऊन तिचा हुक कॅराव्हॅनच्या कडीखाली आणायला हवा होता. सगळं मिळून एका खोलीभर अंतर.

"मी नाही घेणार," क्लाइव्ह म्हणाला. "मला बोलावलं की मी जातो, ग्लेन. तू घे. मी मागे उभा राहून हाताने खुणा करतो. तोंडातून एक शब्द काढणार नाही. आवाज आला, तर तो माझा नाही असं समज."

"नक्की ना? विसरशील."

हे आपण बोलायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं, ती इतके महिने काय लपवतेय तेही.

"हे नाही विसरणार," तो म्हणाला.

ती गाडीत बसली. खिडक्या वर केल्या. दोन्ही बाजूंचे लांब आरसे वाऱ्याने थरथरत होते. उजव्या आरशात क्लाइव्ह होता, डोक्यावर त्याची जुनी, रुंद कडांची टोपी. त्याने हाताने खूण केली, ये. तिने ब्रेकवरचा पाय सैल केला. गाडी हळूहळू सरकायला लागली. मग वारा आला आणि आरशात सगळं तांबडं झालं. ती थांबली.

"ये मागे," क्लाइव्ह म्हणाला.

आवाज अगदी जवळून आला, आणि शेवटी वॉकीटॉकीची ती खरखर होती. दोन्ही वॉकीटॉकी कॅराव्हॅनच्या ड्रॉवरमध्ये होत्या, बॅटऱ्या वेगळ्या करून. त्याचा आवाज नाही, तिने स्वतःला बजावलं. ठरलंय आपलं.

"ग्लेन, ये ना. अजून ये. दमलो गं मी."

इथे तिचं मन डळमळलं. विसरला असेल. आत्ताच्या आत्ता विसरला असेल. आपण काय ठरवलं होतं ते त्याच्या डोक्यातून गेलं असेल आणि या धुळीत उभा राहून तो आपल्याला हाका मारत असेल, आपण का येत नाही ते न कळून. आवाजात तेवढी काकुळती होती. आरशातली धूळ जरा विरली. टोपी दिसली. हात दिसला, ये ये करणारा. तिने ब्रेक सोडला.

"ये. ये. भरपूर जागा आहे."

गाडी मागे जात होती. ग्लेनिस उजव्या आरशातल्या हाताकडे बघत होती. चार वर्षं क्लाइव्ह तिच्यावर जसा विसंबला तशीच ती आता त्या हातावर विसंबली होती. डाव्या आरशाकडे तिची नजर गेली ती नुसती सवयीने.

डाव्या आरशात, खाली, हुक आणि कडीच्या मधे, एका बुटाचा तळवा दिसत होता. गुडघे टेकून बसलेल्या माणसाचा.

तिने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. गाडी हिसका देऊन थांबली. मग तिने उजव्या आरशात पाहिलं. तो अजून तिथेच होता, कॅराव्हॅनच्या मागच्या कोपऱ्याशी, ती स्वतः उभी राहायची तिथे. हात तसाच हलत होता, ये, ये. पण तो तिच्याकडे तोंड करून उभा नव्हता. तो पाठमोरा होता. टाकीकडे तोंड करून तो हात स्वतःकडे ओढत होता, तिथून कुणाला तरी वर बोलवावं तसा.

मग धूळ आली.

ती उतरली, गाडीला धरून धरून मागे गेली. क्लाइव्ह कडीपाशी गुडघ्यांवर होता. बंपर त्याच्या पाठीला जवळजवळ टेकला होता. डोक्यावर टोपी नव्हती. तिने त्याला काखेत धरून बाहेर ओढलं.

शेवटी मर्विन आला. कुबडी टेकत, धुळीत डोळे बारीक करत तो कॅराव्हॅनला पाठ लावून उभा राहिला आणि हातातल्या पान्याने कडीच्या लोखंडावर ठोकत राहिला. ठोके चालू तोवर मागे यायचं, बंद झाले की थांबायचं. तसं करत त्यांनी एकदाची कडी अडकवली.

"चल आमच्याबरोबर," ग्लेनिस त्याच्या कानाशी म्हणाली. "आत्ता. आहेस तसा."

"आणि शेरिल आली तर?" मर्विन म्हणाला. "घरात कोणीतरी हवं."

तिला आधी वाटलं तो थट्टा करतोय. मग तिने त्याचं तोंड पाहिलं आणि ती गाडीत जाऊन बसली.

फाटकातून बाहेर पडताना तिने त्याला हात केला. मर्विनने केला नाही. कुबडी काखेत धरून, दोन्ही हात खिशात घालून तो नुसता बघत राहिला.

६

त्यांनी ॲडलेडचा रस्ता धरला. गव्हाची रानं संपली, खुरटी झुडपं लागली, धूळ मागे राहिली. ग्लेनिसच चालवत होती.

"एक विचारू?" क्लाइव्ह म्हणाला. "मला खाली बसायला का सांगितलंस?"

"मी?"

"खिडकीतून म्हणालीस ना. 'क्लाइव्ह, खाली बस, कडीत काहीतरी अडकलंय. बस, हलू नकोस.' मग मी बसलो."

"खिडक्या बंद होत्या," ती म्हणाली. "मी काही बोलले नाही."

हे खरं होतं. पण ते ऐकल्यावर त्याने आपल्या बाजूची काच पूर्ण वर केली आणि पुढच्या गावापर्यंत खाली घेतली नाही. खरं सांगून आपण त्याला काय दिलं, असं तिच्या मनात आलं.

त्या दिवसापासून ती दोघं अशाच जागा शोधतात जिथे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येतं. अशा जागा मिळतात, थोडे जास्त पैसे पडतात इतकंच. ॲडलेडच्या डॉक्टरने तपासून गोळ्या दिल्या. वयाच्या मानाने ठीक आहे, म्हणाला. मर्विन रविवारी फोन करतो. आवाज खुशीत असतो, आणि तो का खुशीत आहे हे ग्लेनिस विचारत नाही. एकमेकांना लांबून हाक मारायची नाही, असं काही दोघांचं ठरलं नाही, पण तसं झालं. काही हवं असलं की उठून जवळ जायचं, समोर उभं राहायचं, तोंड दाखवायचं आणि मग बोलायचं.

नलरबोरच्या माळरानावर, एका ढाब्याच्या आवारात, ती एकदा चुकली. सकाळची वेळ, चारी बाजूंना क्षितिजापर्यंत एक झाड नाही. क्लाइव्ह बाहेर खुर्ची टाकून पाठमोरा बसला होता. बटाटे परतता परतता तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "क्लाइव्ह, ये रे, खायला ये."

तो हलला नाही.

तिला चूक कळली. कालथा ठेवून ती खाली उतरली, त्याला वळसा घालून समोर आली. त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. बोटं पांढरी पडली होती. नजर समोर माळावर लागलेली होती आणि पापणीसुद्धा लवत नव्हती. ती वाकून उभी राहिली, तेव्हा सावकाश त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळ, डोळे, हनुवटी, सगळं एकेक करून तपासल्यासारखं.

"तूच आहेस," तो म्हणाला.

"मीच आहे रे."

त्याने श्वास सोडला. खुर्चीवरची पकड सैल झाली. मग जरा ओशाळून तो हसला.

"दोनदा का बोलावलंस? एकदा तिथून आणि एकदा तिकडून?"

त्याने हनुवटीने समोरच्या उघड्या माळाकडे खूण केली. ग्लेनिसने तिकडे वळून पाहिलं नाही. तिने त्याचा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळत राहिली.

"पहिल्यांदा तुला ऐकू गेलं नाही ना," ती म्हणाली. "म्हणून दोनदा बोलावलं. चल, बटाटे करपतील."